वारशाने येणारा मधुमेह आणि धम्माचा आधार



आज आपल्या मावळात क्वचितच असे घर सापडेल, की ज्यात कोणाला ना कोणाला साखर नाही. आजीला होती, बापाला झाली, आता थोरल्या मुलाच्या रक्तात निघाली. मग घरातली तरुण माणसे मनात म्हणतात, "बापाला होती, मलाही येणारच." कोणी भीतीपोटी तपासणीच करीत नाही. कोणी निराश होऊन हवे ते खातो आणि पितो. कोणी सून केल्यावर तिच्यापासून महिनोन्महिने गोळ्या लपवून ठेवतो. हा प्रश्न केवळ दवाखान्याचा नाही. दुःखाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हा धम्माचाच प्रश्न आहे. म्हणून आज त्याचा विचार करू.

दीक्षा घेण्यापूर्वी आपल्या घरांत आजाराची दोनच उत्तरे होती. एक, मागल्या जन्मीचे पाप. दुसरे, देवीचा कोप. पहिल्यावर उपाय नव्हता, दुसऱ्यावर नवस होता. कार्ल्याच्या डोंगरावर चैत्याच्या दारापाशीच एकवीरेचे मंदिर आहे. आपल्या वाडवडिलांनी वेहेरगावच्या पायऱ्या चढून तिथे कोंबडी-बकरी दिली, पण ज्या लेण्याच्या तोंडाशी ते उभे होते ते लेणे कोणाचे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आज आपण नवस सोडला. परंतु पुष्कळ घरांत देवीची जागा 'नशिबाने' घेतली आहे. नशीब म्हटले काय आणि पूर्वकर्म म्हटले काय, दोन्ही माणसाला हात जोडून बसवतात.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रश्न स्पष्टपणे हाताळला आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत आणि आनुवंशिकतेचे विज्ञान समोरासमोर ठेवून दोन्हींचा मेळ बसत नाही हे त्यांनी दाखविले. मूल जे घेऊन येते ते आईबापांकडून घेऊन येते. बापाचा मधुमेह मुलाकडे येतो तो पापाची शिक्षा म्हणून नव्हे. नाकाचा आकार आणि डोळ्यांचा रंग जसा येतो, तशीच साखर पचविण्याची कमी-जास्त शक्तीही येते. यात लाज वाटावी असे काहीही नाही.

तथागतांनी शिकविले, की जे उत्पन्न होते ते कारणांनी आणि अटींनी उत्पन्न होते. अट बदलली की फळ बदलते. मधुमेहालाही हेच लागू आहे. वारसा हे एक कारण आहे, ते आपण बदलू शकत नाही. परंतु ते एकटे कारण नव्हे. घरातून दोन वारसे येतात, एक रक्तातून आणि दुसरा ताटातून. बापाची प्रकृती मुलाला मिळते, तशीच बापाची भाताची परात, दिवसाचे सहा चहा आणि संध्याकाळची बाटलीही मिळते. हा दुसरा वारसा नाकारणे आपल्या हाती आहे.

हे नुसते बोलणे नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा तीन वर्षे अभ्यास केला आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी आहार सुधारला आणि चालणे वाढविले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. सर्वांचा आजार टळला नाही, हेही खरे. म्हणून काळजी घेऊनही ज्याला साखर झाली, त्याला दोष देऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने समजून घेतली पाहिजे. "मी तर काडीसारखा आहे, मला कशाची साखर?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी जन्मली, तरी त्यांच्या अंगात त्या मानाने चरबी अधिक असते, असे त्यांना आढळले. वरून बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह होतो तो यामुळे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये मोठी उपासमार झाली. त्या काळात जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्यात मोठेपणी रक्तातील साखर वाढण्याचे प्रमाण जास्त आढळले. विचार करा. ज्यांच्या आया-आज्यांनी गावकुसाबाहेर उष्ट्या-शिळ्या भाकरीवर गर्भ वाढविला, त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या आजाराला पूर्वजन्मीचे पाप म्हणावे काय? आईच्या पोटातली भूकही शरीरात उतरते. ती भूक पापाने आलेली नव्हती, विषमतेने आलेली होती. म्हणून आज गरोदर सुनेला पोटभर आणि चौरस अन्न देणे हीच पुढच्या पिढीची पहिली काळजी होय. गरोदरपणी साखरेची तपासणीही चुकवू नये.

आता आहाराविषयी. कोसल देशाचा राजा प्रसेनजित भला मोठा द्रोणभर भात खात असे. एकदा जेवणानंतर तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, उपवासही सांगितला नाही. जो सावध राहून अन्नाचे माप ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाच्या जवळ सुदर्शन नावाचा तरुण होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचा आहार एका नाळीच्या मापावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या कथेत दोन गोष्टी आहेत. पहिली, माप. इंद्रायणीचा वास सुटला की मावळच्या माणसाचा हात थांबत नाही. भात सोडा असे कोणी म्हणत नाही, पण ताटाचा अर्धा भाग भाजीने भरा, एक चतुर्थांश डाळ, उसळ, अंडे किंवा मासळीने, आणि उरलेल्या चतुर्थांशात भात किंवा भाकरी घ्या. नाचणीची भाकरी चांगली, पण तिलाही माप आहे. गुळाची चिक्की साखरेची नाही म्हणून चालते, असे लोणावळ्यात पुष्कळ जण समजतात. गूळही रक्तात साखरच वाढवितो. पूर्वी भातखाचरात दिवसभर राबणारा माणूस आता बंगल्याच्या राखणीवर खुर्चीत बसतो, आणि ताट मात्र जुनेच राहिले आहे. त्याने रोज निदान अर्धा तास झपाझप चालावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोसलाच्या राजालाही एकट्याने जमले नाही. त्याला सुदर्शन लागला. तुमच्या घरातला सुदर्शन कोण? आईच्या ताटाकडे प्रेमाने लक्ष ठेवणारा मुलगा, बापाबरोबर सकाळी चालायला जाणारी मुलगी, सर्वांसाठी एकच बेताचा स्वयंपाक करणारे घर, हे सगळे सुदर्शनच आहेत. रोग्यासमोर आपण गुलाबजाम खायचे आणि त्याला संयम शिकवायचा, ही मैत्री नव्हे.

विनयपिटकात एका आजारी भिक्षूची हकीकत आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याच्यासह त्या भिक्षूला धुतले. मग भिक्षूंना बजावले, की तुमचे आईबाप इथे नाहीत, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? याच प्रसंगी त्यांनी रोग्याचे पाच आणि शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले. मधुमेहाच्या घराने ते भिंतीवर लिहून ठेवावेत.

चांगला रोगी पथ्याचे तेच करतो. पथ्यातही प्रमाण राखतो. औषध घेतो. आजार वाढला, उतरला की तसाच आहे हे खरे सांगतो. आणि वेदना धीराने सोसतो. यांपैकी चौथा गुण आपल्याकडे फार दुर्मिळ आहे. लग्न ठरविताना मुलीचे इन्शुलिन लपविले जाते, मुलाची साखर लपविली जाते. आपण रोज पंचशील ग्रहण करतो, त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. लपवून केलेल्या लग्नात ती मुलगी चोरून सुई टोचते, नाहीतर टोचतच नाही, आणि तिच्या जिवावर बेतते. ज्या लहान मुलांना मुळातच इन्शुलिन तयार होत नाही, त्यांना ते आयुष्यभर लागते. तो त्यांचा दोष नाही आणि गोड खाऊन झालेला आजारही नाही. आजार उघड सांगणाऱ्या घराशी सोयरीक करणे हे आपल्या समाजाचे धैर्य ठरावे.

चांगला शुश्रूषा करणारा औषध देऊ जाणतो. काय द्यावे आणि काय नको हे ओळखतो. लाभासाठी नव्हे, मैत्रीने सेवा करतो. घाणीची किळस करीत नाही. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टींनी रोग्याचे मन उल्हसित करतो. मधुमेहाच्या रोग्याला अचानक घाम फुटला, हातपाय कापू लागले, तो भांबावला, तर रक्तातील साखर उतरली असे समजावे आणि तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. आपल्याकडे पावसात अनवाणी लावणी करतात. साखरेने पायाची संवेदना जाते आणि काटा रुतलेला कळत नाही. म्हणून रोज रात्री त्याचे पाय धुऊन, पुसून, तळवे पाहावेत. म्हाताऱ्या सासऱ्याचे तळवे पाहणारी सून किंवा नातू हा खरा धम्मसेवक होय.

काही उपासक विचारतात, इन्शुलिन घेणे म्हणजे हार मानणे नव्हे काय? बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. त्यांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी त्यांची झोप उडत असे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच माईसाहेब सविता आंबेडकर. त्या त्यांचे पथ्य आणि इन्शुलिन सांभाळीत. आजारी शरीरानेच बाबासाहेबांनी संविधानाचे काम पार पाडले, २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या मावळच्या वेशीवर देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला धम्म दिला. धम्मग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणाने नोंदविले, की आपण आजारी असताना हे काम पुरे झाले ते पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. कोट्यवधींना आधार देणाऱ्या महामानवाला आपण आधार घेतला हे सांगताना कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

पौर्णिमेच्या उपोसथाविषयीही शंका असते. आजारी भिक्षूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे दुपारनंतरही घेण्याची मोकळीक भगवंतांनी दिली होती. तेव्हा इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने दुपारनंतर उपाशी राहून शरीर धोक्यात घालू नये. डॉक्टरांना विचारावे आणि बाकीची शीले पाळावीत. तसेच "मुळापासून बरा करतो" म्हणणारा जडीबुटीवाला आणि मोबाईलवर फिरणारे नुस्खे यांच्या नादाने चालू औषध बंद करणे म्हणजे जुन्या अंगाऱ्याकडेच परत जाणे होय.

आता विहाराचे काम. कार्ल्याच्या चैत्यात गेलात तर खांबांवरचे लेख पाहा. ते लेणे एका राजाने उभारलेले नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुतार सामी, तिथलाच अत्तरे विकणारा सिंहदत्त, अशा अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कोणी खांब, कोणी दार दिले. दोन हजार वर्षे ते छत उभे आहे.

आपल्या विहारानेही तसेच करावे. वर्षावासात ग्रंथवाचनाला सगळे जमतातच. एका पौर्णिमेला आशाताईंना आणि आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिकेला बोलवावे. तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी केंद्रात मोफत तपासतात. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तिशीची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि १२६ किंवा अधिक आकडा पुन्हा तपासणीतही आला तर मधुमेह. ज्याच्या घरी फ्रीज आहे त्याने शेजाऱ्याचे इन्शुलिन ठेवावे. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याने म्हाताऱ्या उपासिकेला वर्षातून एकदा डोळ्यांच्या तपासणीला न्यावे. खीरदान जरूर करावे, पण वाटी लहान असावी आणि शेजारी मोड आलेल्या मटकीची उसळही असावी.

भारतात २०२१ साली सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज मोठ्या पाहणीतून निघाला. तेव्हा तुम्ही एकटे नाही. बापाकडून आलेले शरीर आपण बदलू शकत नाही, पण त्या शरीराची काळजी घेण्याची रीत आपल्या मुलांना वारशाने देऊ शकतो. येत्या पौर्णिमेला विहारात येताना घरातल्या प्रत्येकाने आपली साखर तपासून यावे, आणि जो आकडा निघेल तो एकमेकांना खरा सांगावा.

जयभीम! नमो बुद्धाय!