नाम-गोत्र आणि पडदा

खऱ्या माणसांच्या कत्तलीचे चित्रण पाहून प्रेक्षकाला जे समाधान लाभते ते कितपत निर्दोष असते, हा प्रश्न चित्रपटाने निर्माण केलेला नाही. चित्रपटाने तो टाळता येणार नाही इतका जवळ आणला आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, पात्रांच्या बोलण्यातून सुचवाव्यात, असा दंडक घालून दिला होता. कॅमेऱ्याने तो मोडला, आणि ज्या प्रश्नापासून रंगभूमीला त्या दंडकाने बऱ्याच अंशी दूर ठेवले होते, तो उघड्यावर आला. दुसऱ्याचे दुःख पाहताना सुख का होते, याचा विचार इंदूरच्या परिसराला तर परका नाहीच, कारण येथून साठेक किलोमीटरवरच्या धार नगरीत अकराव्या शतकात राजा भोजाने ‘शृंगारप्रकाश’ हा छत्तीस प्रकाशांचा, म्हणजे प्रकरणांचा, ग्रंथ लिहून रसाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला होता.

संस्कृत काव्यशास्त्राने या प्रश्नाला दिलेले सर्वांत प्रतिष्ठित उत्तर भट्टनायकाचे असून अभिनवगुप्ताने ते आपल्या पद्धतीने पुढे नेले. रंगमंचावरचा शोक हा ‘माझा’ही नसतो आणि ‘त्या अमक्याचा’ही नसतो; काळ, स्थळ आणि व्यक्ती यांच्या बंधनांतून सुटून तो शोकमात्र उरतो, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. या सुटण्याच्या क्रियेला साधारणीकरण म्हणतात. कल्पित किंवा पुराणप्रसिद्ध कथेपुरते हे विवेचन समाधानकारक आहे. परंतु ज्यांची प्रेते खरोखर मोजली गेली, किंवा मोजण्याच्याही पलीकडे गेली, अशा माणसांच्या बाबतीत व्यक्तीचे बंधन सुटणे म्हणजे मेलेल्या माणसाचे नाव दुसऱ्यांदा पुसले जाणे होय, ही शंका त्या विवेचनात उपस्थितच होत नाही.

बाराव्या शतकात हेमचंद्राचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र या जैन पंडितांनी ‘नाट्यदर्पणा’त याहून रोखठोक भूमिका घेतली. सगळे रस सुखरूप नसतात, करुण हा दुःखरूपच असतो, आणि करुण प्रयोगाकडे प्रेक्षक ओढला जातो तो कवी व नट यांच्या कौशल्याने चकित होऊन, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी दिलेला दाखला अंगावर काटा आणणारा आहे: शौर्याचा अभिमान बाळगणारे लोक आपलेच मस्तक उडवणाऱ्या वैऱ्याच्या हातचलाखीनेही विस्मित होतात. आजच्या युद्धपटांतील संथ गतीने उडणारे रक्त आणि त्या दृश्याच्या तांत्रिक सफाईची परीक्षणांतून होणारी वाखाणणी पाहता, या दोघांना प्रेक्षक भोळ्या सहृदयतावाद्यांपेक्षा अधिक ओळखता आला होता, असे म्हणावे लागते. भोज आणखी आत शिरतो. त्याच्या मते सर्व रसांचे मूळ अहंकारात, म्हणजे आत्म्याच्या स्वतःविषयीच्या अभिमानात, आहे. भोजाने स्वतः काढला नसला तरी या मतातून एक निष्कर्ष सहज निघतो: पडद्यावरच्या अनाथ मुलासाठी रडणारा माणूस पुष्कळदा आपल्या रडू शकण्यावरच संतुष्ट होऊन घरी जातो.

या शंकांची परीक्षा घेण्यास इंदूरला पानिपताइतका जवळचा विषय दुसरा नाही. 14 जानेवारी 1761 च्या त्या संग्रामात मल्हारराव होळकर रणांगण सोडून निघाले. हा पळ होता, की पराभव अटळ दिसल्यावर बायकामाणसांना सुखरूप बाहेर काढण्याची योजना होती, यावर बखरींपासून आजवर वाद चालत आला आहे. मराठ्यांच्या सैन्यासोबत यात्रेकरू, व्यापारी, बायका, मुले आणि ज्यांना बाजारबुणगे म्हटले गेले असे नोकरचाकर मोठ्या संख्येने होते. शत्रुपक्षातील शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लढाईनंतर शरण आलेल्या पुरुषांच्या शिरच्छेदाची आणि बायकामुलांना गुलाम करून वाटून घेतल्याची हकीकत लिहून ठेवली आहे. पेशव्यांना ही वार्ता माळव्यात, भेलशाजवळ, एका सावकारी पत्रातून कळली अशी परंपरा आहे. त्या सांकेतिक पत्रात प्रमुख सरदार मोती आणि मोहरा झाले होते, आणि बाकी सारे गणती नसलेला खुर्दा. संकेताची गरज समजण्यासारखी असली, तरी मराठी मनाने अडीचशे वर्षे ते पत्र एखाद्या सुभाषितासारखे मिरवावे आणि खुर्द्यात कोण कोण होते हे विचारू नये, यात स्मृतीच्या व्यवहाराचे सारे स्वरूप दिसते.

आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ डिसेंबर 2019 मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा या खुर्द्याला चेहरा मिळण्याची संधी होती. सैन्याबरोबर निघालेले यात्रेकरू त्या चित्रपटाला ठाऊक आहेत. पण त्याचा जीव मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंच्या शौर्यात आणि वस्त्रालंकारांच्या वैभवात गुंतलेला आहे, आणि वीररस एकदा मध्यभागी बसला की मागच्या तंबूंतील आक्रोश त्याचे पार्श्वसंगीत होऊन राहतो. वाद झाला तोही मेलेल्यांवरून नव्हे. भरतपूरचा राजा सूरजमल लोभी रंगवला आहे म्हणून राजस्थानात निदर्शने झाली आणि निर्मात्यांनी काही भाग कापला. ती तक्रार अवास्तव नव्हती. मात्र वंशाच्या प्रतिष्ठेसाठी रस्त्यावर येणारा समाज त्याच रणातील बुणग्यांसाठी एक शब्दही मागत नाही, हेही त्या निमित्ताने दिसले.

रससिद्धांताने नाव गाळले, तर याच संस्कृतीत नावावाचून अडून बसणारा दुसरा एक विधी आहे. श्राद्धात पिंड आणि पाणी देताना मृताचे नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात शस्त्रादिहत पितृश्राद्ध लिहिलेले असते, म्हणजे शस्त्राने मारल्या गेलेल्यांसाठी धर्मशास्त्राने वेगळी तिथीच राखून ठेवली आहे. हा विधी आपल्या कुळापुरता असतो हे खरे. तथापि माघ शुद्ध अष्टमीला निपुत्रिक भीष्माला कोणीही पाणी देऊ शकतो, आणि तर्पणाच्या शेवटी ज्यांना कोणी आप्त नाही त्यांचाही समावेश होतो. रस नाव पुसून दुःख सर्वांचे करतो, तर्पण नाव घेऊन मृताला आपला करते. अत्याचारावरच्या चित्रपटाला यांतील दुसरी वाट धरावी लागते, आणि ती कठीण आहे, कारण तिथे आस्वादाची हमी नसते.

महाभारताच्या स्त्रीपर्वात हे दोन्ही मार्ग एकमेकांना भेटतात. व्यासांच्या वराने दिव्यदृष्टी मिळालेली गांधारी दुरूनच कुरुक्षेत्र पाहते आणि एकेका मृताकडे कृष्णाचे लक्ष वेधत जाते. त्यात तिचे पुत्र आहेत तसा शत्रुपक्षाचा अभिमन्यूही आहे. त्यानंतर गंगेच्या काठी जलदानाच्या वेळी कुंती सांगते की कर्ण तिचा थोरला मुलगा होता, त्यालाही पाणी द्या. ज्याच्या मृत्यूचा आनंद साजरा झाला तो भाऊ निघतो, आणि हे कळते ते विजयाच्या जयघोषात नव्हे, तर्पणाला नाव हवे म्हणून.

गोविंद निहलानी यांचे ‘तमस’ या वाटेने गेले. भीष्म साहनींच्या फाळणीविषयीच्या कादंबरीवरची ही मालिका 1988 मध्ये दूरदर्शनवर आली तेव्हा ती थांबवण्यासाठी याचिका झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही, त्या फेटाळल्या. तसे करताना सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पूर्वी घालून दिलेली कसोटी वापरली: परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावरून, दुर्बळ आणि डळमळीत मनावरून नव्हे. काव्यशास्त्राचा आदर्श प्रेक्षक विरघळणारा आहे, न्यायालयाचा न ढळणारा. ‘तमस’ला बहुधा हा दुसराच हवा होता, कारण फसवून डुक्कर मारायला लावलेला नथू, त्याची गरोदर बायको, विहिरीत उड्या घेणाऱ्या शीख स्त्रिया यांच्याकडे पाहताना रडून मोकळे होण्यापेक्षा हे कोणी घडवून आणले, हे विचारत राहणे आवश्यक होते.

उरतो तो सर्वांत अवघड प्रेक्षक, म्हणजे ज्याच्या हातून ते घडले तो. विदर्भातल्या पद्मपुराच्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात रामाला सीतेच्या त्यागानंतरचे नाटक पाहायला बसवले आहे; राम मध्येच ओरडून उठतो, लक्ष्मण हे नाटक असल्याची आठवण करून देतो, आणि तरीही राम मूर्च्छित होतो. साधारणीकरण येथे अशक्य ठरते, कारण प्रेक्षकाला आपले नाव ऐकू आले आहे. जोशुआ ओपनहायमर यांच्या ‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’ या 2012 च्या चित्रपटात इंडोनेशियातील 1965–66 च्या हत्याकांडातला एक मारेकरी, अन्वर काँगो, आपलीच कृत्ये कॅमेऱ्यासमोर पुन्हा करून दाखवतो आणि अखेरीस त्याला उमासे येऊ लागतात. तो पश्चात्ताप की आणखी एक अभिनय, हे चित्रपट ठरवत नाही, आणि ठरवत नाही यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. भवभूतीने मात्र शेवटी पुनर्मीलन घडवून आणले. कवीला ती मुभा असते, मृतांची हाडे सापडलेल्या गावाला नसते.

इंदूरच्या दृष्टीने न निघालेला पानिपतपट वेगळा आहे. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात, सूरजमलाच्या किल्ल्यासमोर, तोफेचा गोळा लागून मल्हाररावांचे पुत्र खंडेराव होळकर मेले; अहिल्याबाई विधवा झाल्या, आणि मल्हाररावांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले असे सांगतात. सात वर्षांनी पानिपतातून नागवले गेलेले, जखमी, भुकेले मराठे त्याच सूरजमलाच्या मुलखातून परतले, तेव्हा त्याने त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. होळकरांच्या मुलाचा जीव ज्याच्या तोफांनी घेतला, त्याच्याच दारात होळकरांच्या बाजूचे बुणगे जगले. 2019 च्या चित्रपटाने सूरजमलाला सौदेबाज केले, निदर्शकांनी त्याला निष्कलंक वीर म्हणून परत मागितले, आणि ज्या कृत्यामुळे त्याचे नाव इंदुरात आदराने घ्यायला हवे, ते भाकरीचे दृश्य या वादात मागेच राहिले.