फुटलेल्या यानाचे तुकडे

लोणारच्या सरोवराजवळच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. अशनी आदळून काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेलं ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पोरांच्या रोजच्या पाहण्यातलं. म्हणून विज्ञानाच्या बाई सातवीला म्हणाल्या, "चंद्रावर अशी असंख्य विवरं आहेत. तिथं यान उतरवून दाखवा."

यान म्हणजे झाडूच्या काड्या, पुठ्ठा आणि रबरं. आत उपकरण म्हणून कच्चं अंडं. सोडायचं गच्चीवरून, खाली मुरूम आणि दगडगोटे पसरलेले.

पहिल्या गटाने प्लास्टिकच्या पिशवीची हवाई छत्री बांधली. यान अलगद उतरलं, अंडं शाबूत. टाळ्या पडल्या. बाईंनी विचारलं, "चंद्रावर ही पिशवी फुगवायला हवा कुठून आणणार?" पोरांनी पिशवी सोडून यान पुन्हा टाकलं. फच्च! "नशीबच फुटकं," म्हणत त्यांनी सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

दुसऱ्या गटाचंही अंडं फुटलं. पण त्यातली एक मुलगी बलकाने बरबटलेल्या काड्या एकेक करून सोडवत बसली. तीन पाय धड होते. चौथा सांध्यातच मोडला होता, त्याचं रबर वर सरकलं होतं. तिने वहीत लिहिलं : 'चौथा पाय आधी दगडावर टेकला. सगळा भार त्याच्यावर आला.' गुणपत्रिकेत अशा ओळीला जागा नसते, पण मला विचाराल तर त्या दिवशी शाळेत खरं विज्ञान घडलं ते इथंच.

बाईंनी ती ओळ वर्गात वाचली आणि 'विक्रम'ची गोष्ट सांगितली. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा हा लँडर चंद्रावर कोसळला. 'इस्रो'च्या शास्त्रज्ञांनी आलेली सगळी माहिती पिंजून काढली. पुढच्या लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरण्याची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनावरून सुमारे चार किलोमीटर लांबीची केली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या गटाने पाय फाकवले, सांध्यांना दुहेरी रबर लावलं. यान दगडावर आपटून कलंडलं. अंड्याला बारीक तडा गेला, पण ते फुटलं नाही.

"तडा कशाने गेला?" पहिल्या गटातल्या मुलाने विचारलं.

"थांब, आधी काड्या बघू दे."

तो कचऱ्याच्या डब्याकडे धावला. डबा सकाळीच रिकामा झाला होता. बाईंनी त्याच्यापुढे नवं अंडं ठेवलं आणि म्हणाल्या, "वही घेऊन ये."