दूरच्या माणसाचा प्रश्न

समुद्राच्या पृष्ठभागाच्या रोजच्या तापमानाचा एक प्रसिद्ध संच अमेरिकेची नोआ ही संस्था तयार करते. सगळी पृथ्वी पाव-पाव अंशाच्या चौकोनांत मांडलेली. एका दिवसाचे चौकोन होतात 10 लाख 36 हजार 800. कोकणासमोरचा समुद्र, समजा 15 ते 20 अक्षांश आणि 70 ते 73.5 रेखांश, एवढाच ज्याला अभ्यासायचा आहे त्याला त्यातले 280 पुरतात. बाकीचे दहा लाख त्याने का उतरवून घ्यावेत? भूविज्ञानाचा डेटा वेबवरून कोणत्या पद्धतीने वाटावा, ही गेल्या तीस वर्षांतली सगळी चर्चा मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते.

1993 साली ऱ्होड आयलंड विद्यापीठातले पीटर कॉर्निलॉन, एमआयटीतले ग्लेन फ्लिएर्ल आणि त्यांचे सहकारी याच अडचणीला भिडले. तोवर डेटा टेपवर पोस्टाने यायचा, नाहीतर एफटीपीने अख्खी फाइल ओढावी लागायची. वेब जेमतेम बाळसे धरत होते. त्यांचे म्हणणे असे, की डेटा ज्याने गोळा केला त्याच्याकडेच राहू द्यावा, आणि दूरच्या माणसाच्या प्रोग्रॅमने फाइलच्या नावाऐवजी वेबपत्ता द्यावा. त्यातून डॉड्स ही प्रणाली उभी राहिली. आजचे ओपनडॅप ते हेच.

ते चालते कसे, हे पाहण्यासारखे आहे. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट डीडीएस’ जोडले की संचात काय काय आहे आणि ते किती लांबरुंद आहे हे कळते. ‘डॉट डीएएस’ जोडले की एकक कोणते, रिकाम्या जागेची खूण कोणती, हे समजते. मग प्रश्नचिन्ह, हव्या त्या राशीचे नाव आणि चौकटी कंसात कुठून कुठपर्यंत, एवढे लिहिले की तेवढेच आकडे हाती येतात. यातली मधली पायरी लोक घाईत गाळतात. नोआच्या या संचात जागा वाचवायला तापमान पूर्णांकात साठवलेले असते. आकडा दिसतो 2874; त्याला 0.01 ने गुणायचे हे डीएएस सांगते, तेव्हा कुठे त्याचे 28.74 अंश सेल्सिअस होतात. जमिनीच्या जागी उणे 999 असते. ते न वगळता सरासरी काढली तर किनाऱ्यालगतचा अरबी समुद्र भलताच थंड निघतो.

नकाशेवाल्यांनी वेगळी वाट धरली. ओजीसी या त्यांच्या संघटनेने 2000 साली डब्ल्यूएमएस आणले. त्यात विचारणाऱ्याला आकडे मिळत नाहीत, रंगवलेले चित्र मिळते. चित्राची गरज मला मान्य आहे: पूर आला की जिल्हाधिकाऱ्याला नकाशा हवा असतो, तोही आत्ताच्या आत्ता. इस्रोच्या ‘भुवन’चे थरही या पद्धतीने आपल्या नकाशावर चढवता येतात. पण लाल रंगाची सरासरी काढता येत नाही. एका बिंदूची किंमत विचारण्याची सोय डब्ल्यूएमएसमध्ये आहे, तीही ऐच्छिक. चित्र दिले म्हणजे डेटा खुला केला, असे कुणी मानले तर मला ते पटत नाही. आकडे देणारे डब्ल्यूसीएस 2003 मध्ये आले, पण ते वापरायला अवजड आणि त्याच्या आवृत्त्यांचे आपसातही जमेना.

प्रमाणक पाळूनही गाडी कशी चुकते याचे एक उदाहरण द्यायलाच हवे. डब्ल्यूएमएसच्या 1.1.1 या आवृत्तीत आधी रेखांश, मग अक्षांश. 1.3.0 मध्ये अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या पद्धतीसाठी हा क्रम उलटला. पुण्याचे 18.52 आणि 73.86 उलटे वाचले गेले तर आपण थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर बेटाच्या दक्षिणेला पोचतो.

मध्यंतरी प्रत्येक मागणी एक्सएमएलमध्ये गुंडाळणारे सोप आणि साध्या पत्त्यावर चालणारे रेस्ट यांचा वाद रंगला. तो लवकर मिटला, कारण साध्या पत्त्याने जे काम होते त्यासाठी एक्सएमएलची भरगच्च पाकिटे बांधत बसायला फारसे कुणी तयार नव्हते.

मला जास्त मोलाची वाटते ती 2003 मध्ये पक्की झालेली सीएफ ही संकेतपद्धती. ती डेटा पोचवत नाही, त्याचे वर्णन करते: ही राशी नेमकी कोणती, एकक काय, वेळ कुठपासून मोजली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने आपल्या पृथ्वी-प्रणाली प्रारूपाचे निकाल सीएमआयपी6 या हवामान-प्रारूपांच्या तुलनेच्या जागतिक प्रकल्पाला दिले, ते याच भाषेत. म्हणून जगात कुठेही बसलेला अभ्यासक पुण्यात फोन न करता ते वाचू शकतो. पोचवण्याच्या पद्धती बदलत राहतात. संस्थेकडे पैसा आणि माणसे थोडी असतील तर ती आधी वर्णनावर लावावीत, असे माझे ठाम मत आहे.

आता क्लाउडचे दिवस आहेत. झार ही रचना ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस्टर माइल्स यांनी मलेरियाच्या जनुकीय अभ्यासासाठी केली; हवामानवाल्यांनी ती उचलली. यात उत्तर देणारा सर्व्हरच नसतो. डेटा तुकडे करून ठेवलेला, आणि विचारणाऱ्याचा प्रोग्रॅम हवे ते तुकडे उचलतो. पण तुकडा कसा पाडायचा हे आधीच कुणीतरी ठरवलेले असते. एका दिवसाचे सगळे जग असा तुकडा पाडला तर आजचा नकाशा चटकन मिळतो, आणि एका ठिकाणची चाळीस वर्षे हवी असतील तर साडेचौदा हजार तुकडे उघडावे लागतात. कोणता प्रश्न स्वस्त आणि कोणता महाग, हे पूर्वी प्रोटोकॉल ठरवत असे. आता मांडणी ठरवते. नासाच्या गॉडार्ड केंद्राने हे ओळखून जलविज्ञानाचा काही डेटा काळाच्या दिशेने लावून दुसऱ्यांदा ठेवला.

आपल्याकडे भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा रोजच्या पावसाचा पाव अंशाचा संच आहे, 1901 पासूनचा. 135 गुणिले 129 बिंदूंची जाळी, दर वर्षाची एक फाइल. इतका दीर्घ आणि एकसलग संच आपल्याकडे खुला आहे याचा मला मनापासून अभिमान आहे. धाराशिवच्या कॉलेजातल्या शिक्षकाला आपल्या गावावरच्या एका बिंदूचा 2020 पर्यंतचा पाऊस हवा असेल तर आकडे लागतील 43,830. त्यासाठी उतरवाव्या लागतील साऱ्या देशाच्या 120 फायली. हाच संच काळाच्या दिशेने लावून, सीएफच्या वर्णनासह आणखी एकदा ठेवला तर त्याचे काम पत्त्याच्या एका ओळीत होईल. संच पुण्यात घडला, त्याची ही दुसरी मांडणीही पुण्यातच व्हावी अशी माझी फार इच्छा आहे.