पाच मिलिमीटरांची प्रार्थना

देवा तुंगारेश्वरा, पुरुषाच्या ओटीपोटात, लघवीच्या पिशवीखाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढ्यात तू अक्रोडाएवढी एक ग्रंथी ठेवलीस, प्रोस्टेट. तरुणपणी तिची कुणाला आठवणही होत नाही. साठी उलटली की ती वाढते, लघवी अडते, रात्रीतून तीनतीनदा उठावं लागतं. आणि काहींच्या नशिबी तिच्यातच कॅन्सर निघतो. अशी अडचणीची जागा तिला का दिलीस, हे मी तुला विचारत नाही. माझं काम त्या अडचणीपासूनच सुरू होतं. मी रेडिएशन विभागात भौतिकशास्त्रज्ञ आहे. डॉक्टर आजाराची जागा आखून देतात. त्या जागेवर किरण कुठल्या दिशेने, किती आणि कसे सोडायचे, याचा प्लॅन मी करते. आज रविवार, वसई रोडला गाडी पकडायला धावायचं नाही. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या गॅलरीतून तुझा डोंगर स्वच्छ दिसतो आहे. आठवडाभर मनात साठलेलं आज तुझ्यापुढे मांडते.

आधी तुझे उपकार मानते. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने जिवंत माणसाच्या डोक्याचा छेद कुठलीही चिरफाड न करता दाखवला. त्याच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर आणि हाड शून्याच्या बरंच वर. किरण कुठे किती अडतील, कुठे किती शोषले जातील, हे आजही मी त्याच आकड्यांवरून काढते. सीटीशिवाय माझं पान हलत नाही. पण सीटीत ग्रंथीची कड नीट दिसत नाही, हेही तुला ठाऊक आहे. ग्रंथी, तिला लागून असलेले स्नायू, शिरांचं जाळं, सगळं एकाच राखाडी रंगात मिसळून गेलेलं. खालच्या टोकाशी, ज्याला आम्ही एपेक्स म्हणतो, तिथे तर ग्रंथी कुठे संपली आणि स्नायू कुठे सुरू झाला, याचा थांग लागत नाही. मग डॉक्टर सावधपणे थोडं बाहेरूनच आखतात. नुसत्या सीटीवर आखलेली ग्रंथी एमआरआयवरच्या ग्रंथीपेक्षा सुमारे तीस टक्के मोठी निघते. तेवढा जास्तीचा मार गुदाशयाला आणि लघवीच्या पिशवीला बसतो. म्हणून एमआरआय घ्यायचा आणि तो सीटीवर बसवायचा. त्याला फ्युजन म्हणतात आणि ते माझ्या वाट्याचं काम आहे.

इथे माझं पहिलं मागणं आहे. दोन चित्रं जुळवताना मला हाडांवर समाधान मानू देऊ नकोस. कमरेची हाडं जुळली की पडद्यावर सगळं छान दिसतं, हात आपसूक पुढच्या कामाकडे जातो. पण हाडं जुळली म्हणून ग्रंथी जुळली असं होत नाही. एमआरआयच्या दिवशी पिशवी रिकामी असेल, सीटीच्या दिवशी भरलेली. ग्रंथी तेवढ्यानेही सरकते. तेव्हा प्रत्येक छेदावर, वरून खालपर्यंत, मला थांबायला लाव.

दुसरं मागणं त्या नव्या सॉफ्टवेअरबद्दल. आता संगणक स्वतःच पिशवी, गुदाशय, मांडीच्या हाडांची डोकी रेखून देतो. जे रेखायला मला अर्धा तास लागायचा ते तो चहा येईपर्यंत करतो. माझ्या मनात त्याच्याबद्दल वाकडं काही नाही. त्याच्यामुळे रांगेतल्या माणसाचे दिवस वाचतात. पण त्याच्या रेषा इतक्या गुळगुळीत असतात की त्या बरोबरच असणार असं वाटू लागतं. एखाद्या आजोबांच्या कमरेत धातूचा सांधा बसवलेला असला, की सीटीत त्या धातूच्या पांढऱ्या तिरिपी पसरतात आणि संगणकाची रेषा भरकटते. रेष तपासण्याचा कंटाळा मला संध्याकाळी सहानंतरही येऊ देऊ नकोस. सगळे घरी निघालेले असतात तेव्हा तर मुळीच नको.

आणि आता मुख्य गाऱ्हाणं. आखलेल्या ग्रंथीभोवती आम्ही थोडी जागा सोडतो, तिला मार्जिन म्हणतो. साधारण पाच ते सात मिलिमीटर, मागे गुदाशयाकडे आणखी कमी. उद्या हा माणूस टेबलावर झोपेल तेव्हा त्याची ग्रंथी आजच्या चित्रातल्या जागीच असेल असं कुणी सांगू शकत नाही, म्हणून ही जागा. आम्हाला जे कळत नाही त्याचं हे मोजमाप आहे, देवा. ते जास्त धरलं तर त्या माणसाला पुढे संडासावाटे रक्त जाण्याचा धोका वाढतो, कमी धरलं तर आजार सुटून जाण्याचा. आमच्या अज्ञानाची किंमत त्याच्या शरीराने मोजायची, हे मला कधी सवयीचं होऊ देऊ नकोस. ते पाच मिलिमीटर दर वेळी मला टोचत राहू देत. टोचत राहिले तरच मी रोजच्या स्कॅनकडे नीट बघेन, सरकलेलं काय आणि किती ते लिहून ठेवेन, आणि कधी तरी डॉक्टरांना आकडे दाखवून म्हणू शकेन की आपल्या इथे आता हे आणखी थोडं कमी करता येईल.

जे लोक आमच्या आधी वाट करून गेले त्यांनाही आज तुझ्यापुढे आठवते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात जास्त जोखमीचा आजार असलेले २२४ पुरुष अभ्यासासाठी घेतले. निम्म्यांना नुसत्या प्रोस्टेटवर शेक, म्हणजे रेडिएशन, निम्म्यांना प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही. प्रोस्टेटला २५ बैठकांत ६८ ग्रे, ग्रे म्हणजे आमचं डोसचं माप. बहुतेकांचं पीएसएमए पेट स्कॅन आधी झालेलं होतं, म्हणजे आजार इतरत्र पसरला असता तर त्यातच दिसला असता. २०२१ साली निकाल छापून आला. आजार परतल्याची चाहूल देणारं रक्तातलं पीएसए पाच वर्षांनी पुन्हा न चढलेले पहिल्या गटात ८१.२ टक्के होते, दुसऱ्या गटात ९५ टक्के. पण दुसऱ्या गटात लघवीचे उशिरा सुरू होणारे त्रासही दुपटीहून जास्त निघाले, आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. कुठल्या गटात जायचं हे चिठ्ठीवर ठरणार, हे माहीत असूनही ते २२४ जण तयार झाले. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, तुला आहेत. मी आज प्लॅन करायला बसते तेव्हा त्यांनी दिलेलं वापरत असते. जे हयात असतील त्यांना सुखात ठेव, जे गेले त्यांना जवळ घे.

२०२१ सालीच हॉलंड आणि बेल्जियममधल्या ५७१ पुरुषांवरचा अभ्यासही छापून आला. एमआरआयमध्ये गाठ जिथे दिसते नेमक्या तेवढ्या ठिपक्याला ९५ ग्रेपर्यंत द्यायचे, बाकी ग्रंथीला नेहमीसारखे ७७. पाच वर्षांनी आजार ताब्यात असलेले ८५ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले आणि त्रास मात्र फारसा वाढला नाही. चित्र नीट वाचलं तर माणसाचं इतकं भलं होतं. म्हणून डोळे शाबूत ठेव, माझे आणि डॉक्टरांचेही.

देवा, पाण्याचंही बघ. शेक घेताना लघवीची पिशवी भरलेली लागते. ती भरली की आतडी वर उचलली जातात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. म्हणून आम्ही सांगतो, आधी लघवी करून या, मग अर्धा लिटर पाणी प्या, मग थांबा. सांगायला दोन वाक्यं लागतात. पण ज्याला आधीच लघवी धरवत नाही त्या सत्तरीच्या माणसाला बाकावर मांड्या आवळून बसावं लागतं, आणि नेमकं त्याच दिवशी यंत्र अडून बसतं. कपडे ओले झाले की तो नर्सकडे बघत नाही, माझ्याकडे तर नाहीच. काही जण नालासोपारा, विरारहून येतात. लोकलमध्ये सोय नसते म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि मग इथे येऊन अर्धा लिटर पोटात गेलं तरी पिशवी वेळेवर भरत नाही. त्यांच्यावर कुणी खेकसू नये, एवढी माया आमच्या सगळ्यांच्या जिभेवर ठेव. यंत्र चालू ठेव. जुलैत रुळांवर पाणी चढू देऊ नकोस. २०१८ साली वसई-नालासोपाऱ्याकडे गाड्या थांबल्या होत्या, तेव्हा शेक चालू असलेली किती माणसं घरात अडकली असतील, हे मनातून जात नाही.

लाज वाटते म्हणून लघवीच्या त्रासाबद्दल जे अजून कुणाला बोललेच नाहीत, त्यांनाही आण. वसईच्या वाडीत केळी काढणारे कुपारी बाबा असोत, अर्नाळ्याचे कोळी काका असोत, नाही तर आमच्याच सोसायटीत रात्रभर दिवा लावून-मालवून कंटाळलेले आजोबा. ‘वय झालं, व्हायचंच’ असं म्हणून ते गप्प बसतात. त्यांच्या बायकांना, सुनांना, मुलींना नीट विचारायची हिंमत दे. आधी आले तर मार्ग पुष्कळ असतात.

आता ज्यासाठी आज बसले ते सांगते. शुक्रवारी एका काकांचं स्कॅन माझ्याकडे आलं. जव्हारच्या बाजूचे आहेत. पोटावर खुणेचे शाईचे बारीक ठिपके टोचताना त्यांनी विचारलं होतं, “मॅडम, हे गोंदलेलं जाणार नाही ना?” मी म्हटलं, “नाही जाणार काका, तेवढ्यासाठीच टोचतोय.” त्यावर ते स्वस्थ पडून राहिले. त्यांचा प्लॅन कागदावर उत्तम झालाय. पिशवीचा डोस मर्यादेत, गुदाशयाचा तर फारच छान. आणि तेच मला खटकलं. स्कॅनच्या वेळी त्यांचा गुदाशय गॅसने चांगला फुगलेला होता. फुगलेल्या गुदाशयाचा बराच भाग किरणांपासून लांब जातो, म्हणून आकडे सुंदर दिसतात. पण ग्रंथी पुढे ढकलली गेलेली असते, आणि गॅस गेला की ती मागे येते. २००५ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनच्या डॉक्टरांनी १२७ रुग्णांचा हिशोब मांडला होता. प्लॅनिंगच्या सीटीत ज्यांचा गुदाशय फुगलेला होता त्यांचा आजार जास्त प्रमाणात परतला. आज आम्ही रोज टेबलावर स्कॅन घेऊन बघतो, सरकलेलं सावरतो, तेव्हाइतका धोका आता नाही. पण गुदाशयाचा आकारच बदललेला असला तर टेबल सरकवून तो सुधारत नाही. एका दिवसाचं चुकीचं चित्र पंचवीसही दिवस सोबत येतं.

तेव्हा उद्या सकाळी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन ‘हे स्कॅन परत करू या’ असं म्हणायचं बळ मला दे. रांग मोठी आहे, काम मागे पडेल, कुणी तरी म्हणेल की चालतंय, रोज बघतोच आहोत. तेव्हा माझा आवाज खाली जाऊ देऊ नकोस. डॉक्टरांच्या मनात ते उतरू दे. काकांना फोन मीच करणार आहे. ‘परत का?’ असं ते विचारतील, घाबरतील, काही वाढलंय का म्हणतील. त्यांच्या बोलीत त्यांना पटेल असं मला सांगता येऊ दे. आदल्या रात्री काय खायचं, पोट कसं साफ ठेवायचं, हे त्यांच्या सुनेला नीट कळू दे. सोबत येणाऱ्या मुलाचा आणखी एका दिवसाचा रोज बुडेल, तो तू कुठून तरी भरून काढ. आणि त्या दिवशी जव्हारहून सुटणारी पहिली एसटी वेळेवर सोड.