मुरलेले लिंबू शिळे का नव्हे

शिजवलेले अन्न रात्र उलटली की शिळे होते आणि शिळे अन्न नैवेद्याला चालत नाही, हा नियम अनेक मराठी घरांत आजही पाळतात. त्याच घरांत वर्षभर मुरलेले लिंबाचे गोड लोणचे एकादशीच्या फराळाला वाढतात. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न लहान दिसतो. पण अन्नाची शुद्धी कशावर ठरते आणि चवीचा आनंद घेणे साधनेच्या आड येते का, हे दोन मोठे प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

आधी या पदार्थांची नावे पाहू, आणि त्यासाठी सीमेवरच्या एका गावी जाऊ. बीदर जिल्ह्यातील कमलनगर महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. 1956 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इथे मराठी, कानडी आणि दखनी उर्दू शेजारी शेजारी नांदतात. अशा टिकवलेल्या पदार्थांची नावेही तिन्हीकडची आहेत. मराठी ‘लोणचे’ लवणावरून आले. कानडी ‘उप्पिनकायी’ म्हणजे मिठातले कच्चे फळ. आणि ‘मुरंबा’ हा अरबी ‘मुरब्बा’ उर्दूच्या वाटेने आलेला. मीठ असो की साखर, फळ टिकवण्याची युक्ती नावातच किंवा कृतीत सांगितलेली आहे.

उपवासाच्या लोणच्यासाठी लिंबे धुऊन, कोरडी पुसून फोडी करतात. बिया कडू, म्हणून काढून टाकतात. फोडींना सैंधव चोळून बरणीत भरतात, तोंडाला दादरा बांधतात आणि रोज ऊन दाखवतात. साल मऊ झाली की साखर घालून पुन्हा मुरू देतात. यात विस्तव लागत नाही. संत्र्याच्या सालीचा मुरंबा मात्र शिजवावा लागतो. साल उकळून पाणी फेकले, असे दोनतीनदा केले, की कडवटपणा उतरतो. मग ती साखरेच्या पाकात शिजवतात. सालीच्या पांढऱ्या भागातील पेक्टिनमुळे पाक दाट होतो. मीठ आणि साखर पाणी धरून ठेवतात, फळाची आंबटाई जंतूंना वाढू देत नाही, म्हणून दोन्ही पदार्थ टिकतात.

शिळ्या अन्नाचा विचार भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात येतो. तिथे आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत. ‘पर्युषित’ (शिळे) आणि ‘गतरस’ (रस गेलेले) अन्न तामसात मोडते. आंबट, खारट, तिखट राजसात. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार तिथला ‘अति’ हा शब्द प्रत्येक चवीला लावायचा आहे, म्हणजे दोष आंबटपणाचा नसून अतिरेकाचा आहे. त्यांच्या मते पर्युषित म्हणजे शिजवल्यावर रात्र ओलांडलेले. या अर्थाने उन्हात मुरलेले लिंबू सुटते, मुरंबा अडकतो. रामानुजाचार्य पर्युषित म्हणजे काळ लोटल्याने चव पालटलेले असा अर्थ करतात. आता लिंबूही अडकते, कारण मुरणे म्हणजेच चव पालटणे.

शब्दाला धरून बसले तर सुटका नाही; म्हणून नियमामागचा हेतू पाहावा लागतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाच्या नियमाला अपवाद दिले आहेत: तूप-तेल मिसळलेले पदार्थ, तसेच गहू, जव आणि दुधाचे पदार्थ. आंबलेल्या पदार्थांतही दही आणि शुद्ध फुले, मुळे, फळे यांपासून केलेले पदार्थ खाण्यास योग्य ठरवले आहेत. म्हणजे बिघडणारे आणि टिकणारे यांतला भेद शास्त्रकारांनी ओळखला होता. साखरेचे नाव त्या अपवादांत नाही, पण तोच तर्क तिलाही लागू होतो. जैन परंपरेची कसोटी वेगळी आहे. तिथे बावीस अभक्ष्यांत मुरवलेले लोणचे येते, कारण त्यात सूक्ष्म जीव उपजतात आणि खाणे म्हणजे हिंसा. दोन्हीकडे घड्याळापेक्षा पदार्थात काय घडले, याला महत्त्व आहे.

उरतो आस्वादाचा प्रश्न. गांधीजींनी आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ हे व्रत ठेवले आणि 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यावर लिहिले: अन्न औषधासारखे, शरीराच्या गरजेपुरते घ्यावे, जिभेसाठी नव्हे. उपवासालाही रुचकर लोणचे शोधणाऱ्या मनाला हा इशारा हवाच. पण कमलनगरच्या मातीत दुसरे उत्तरही आहे. याच जिल्ह्यातील बसवकल्याण ही लिंगायत परंपरेतील बसवण्णांची कर्मभूमी. वीरशैव-लिंगायत विचारात प्रत्येक इंद्रियाला एकेक लिंग नेमलेले आहे. जिभेचे गुरुलिंग, आणि रस हा त्याला अर्पण करायचा पदार्थ. अर्पण झाल्यावर पदार्थाचा प्रसाद होतो. इथे चव नाकारायची नसते. ती आधी द्यायची आणि मग घ्यायची असते.

या दोन वाटा एकमेकींना खोडत नाहीत. अस्वाद हाव आवरतो, अर्पण चवीला कृतज्ञतेचे वळण देते. मुरलेल्या लिंबावर दोन्हींचा प्रकाश पाडला तर निर्णय करता येतो. ज्या फोडीचा रस गेला, जिच्यावर बुरशी आली, ती एका दिवसाची असली तरी तामस. जिचा रस टिकला आणि मुरला, ती वर्षाची असली तरी शिळी नव्हे. आणि ती आधी अर्पण करून, फोडीभरच वाढून घेतली, तर उपवासाच्या ताटातही तिची जागा योग्य आहे.