पावती आणि किल्ली

विकत घेतलेली वस्तू आपली असते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. छत्री घेतली, छत्री आपली. काडी मोडली तर चौकातल्या छत्रीवाल्याकडून बसवून घ्यावी, कापड फाटलं तर बदलावं, आणि अगदीच कंटाळा आला तर कुणाच्या तरी लग्नात विसरून यावी. तिन्ही बाबतींत छत्रीच्या कारखानदाराची परवानगी लागत नाही. मालकी मालकी म्हणतात ती याहून काही निराळी असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

ती शंका आमच्या भाच्याने काढली. निमित्त माझ्या फोनचं. फोन तसा धडधाकट होता. काच शाबूत, बॅटरी दिवेलागणीपर्यंत टिकणारी. पण ‘या मॉडेलला यापुढे नवीन अपडेट मिळणार नाहीत’ असं कळवून कंपनीने त्याला परस्पर सेवानिवृत्त केलं होतं. ना पेन्शन, ना निरोपसमारंभ. भाचा म्हणाला, ‘‘मामा, यावर लिनक्स टाकू या. आणखी चार-पाच वर्षं जाईल.’’

‘‘टाक की.’’

त्याने फोन उलटसुलट करून पाहिला. ‘‘पण हा फोन तुमचा आहे का?’’

‘‘म्हणजे? पावती आहे माझ्याकडे!’’

‘‘पावती आहे हो. किल्ली कुठाय?’’

प्रकरण असं आहे. फोन सुरू होताना आधी जो चिमुकला प्रोग्रॅम जागा होतो त्याला बूटलोडर म्हणतात. हा राजवाड्याच्या दारावरचा भालदार. कंपनीची सही असलेल्या पाहुण्यालाच आत सोडायचं, असा त्याला हुकूम असतो. काही कंपन्या विनंती केल्यावर हा पहारा उठवू देतात, काही देत नाहीत. माझी दुसऱ्या प्रकारातली निघाली. म्हणजे राजवाडा माझा, हप्ते मी फेडलेले, आणि दारावरचा शिपाई मात्र दुसऱ्याचा नोकर!

यात आणखी एक गंमत आहे. तो अँड्रॉइडचा फोन होता, आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच असतं. ते लिनक्स कुणीही उघडून पाहावं, बदलावं, वाटावं म्हणून जगाला दिलेलं आहे. म्हणजे मोकळीक आत आणि कुलूप बाहेर.

या मोकळिकीचा उगम एका छपाईयंत्रात आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ होते. तिथल्या छपाईयंत्रात कागद अडकायचा. त्यावर उपाय करायला त्यांनी यंत्राचा प्रोग्रॅम मागितला, तो मिळाला नाही. आपण अशा वेळी यंत्राला एक चापट मारून गप्प बसलो असतो. स्टॉलमन यांनी १९८३ साली कुणालाही उघडता येईल अशी अख्खी प्रणाली रचण्याची घोषणा केली, आणि १९८९ साली जीपीएल नावाचा परवाना लिहिला. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून लिनक्स लिहायला घेतलं, आणि पुढच्याच वर्षी ते याच परवान्याखाली आणलं. सुरुवातीच्या सुमारे दहा हजार ओळींच्या आज तीन कोटींवर ओळी झाल्या आहेत.

हा परवाना वकिली भाषेत आहे, पण आपल्या स्वयंपाकघरात तो पूर्वीपासून लागू आहे. त्याला विरजण म्हणतात. शेजारणीकडून चमचाभर आणावं, आपलं दही लावावं, आणि पुढे कुणी मागितलं तर ‘आमच्याकडे नसतं’ असं म्हणू नये. देणाऱ्याचं कमी होत नाही, घेणाऱ्याचं अडत नाही. दही विका, श्रीखंड करून विका, हरकत नाही. पण ज्याला विकाल त्याला विरजणाचा हक्कही मिळालाच पाहिजे.

विरजण मोकळं आणि भांड्याला कुलूप असेल तर काय करायचं? याच प्रश्नावर या मंडळींत खडाजंगी झाली. २००७ साली परवान्याची तिसरी आवृत्ती आली. घरगुती वस्तूत हे सॉफ्टवेअर घालाल तर बदललेलं सॉफ्टवेअर बसवण्याची किल्लीही द्या, असं कलम तिच्यात आलं. टोरवाल्ड्स यांना ते पटलं नाही. त्यांनी लिनक्सला दुसरीच आवृत्ती ठेवली. दही माझं, भांडं ज्याचं त्याचं, असा एकूण त्यांचा विचार.

मी हा वाद सौभाग्यवतींपुढे मांडला. त्या म्हणाल्या, ‘‘कुलूप असलेलं बरं नाही का? फोनमध्ये बँक असते.’’

मुद्दा बिनतोड होता. भाच्याकडे अस्सल लिनक्सवाला फोन आहे. त्याचं मागचं झाकण नखाने निघतं, मायक्रोफोन आणि कॅमेरा बंद करायला आत खरीखुरी बटणं आहेत. फक्त बँकेचं ॲप त्यावर चालत नाही. परवा मंडईत या स्वतंत्र नागरिकाने दोन जुड्या मेथी घेतली आणि पैसे मामांनी दिले.

पण माझा कुलपाला विरोध नाहीच. आमच्याही दाराला कुलूप आहे, शिवाय आतून कडी आहे. फक्त त्याची किल्ली आमच्या खिशात असते. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल तर त्या व्यवस्थेला घर म्हणत नाहीत, आणि आत राहणाऱ्याला मालक तर नाहीच नाही.

‘‘आणि किल्ली मिळाली म्हणून तुम्ही काय फोन उघडणार आहात?’’ सौभाग्यवतींनी दुसरा बाण काढला.

नाही उघडणार. छत्रीची काडी तरी मी कुठे बसवतो? पण चौकात छत्रीवाला बसतो, तो छत्री उघडता येते म्हणून. शंभरांतल्या नव्व्याण्णवांना हौस नसली तरी उरलेल्या एकाला मज्जाव केला, की नव्व्याण्णवांच्या छत्र्या उकिरड्यावर जातात. जुन्या फोनांवर लिनक्स चढवून त्यांना दहा वर्षांचं आयुष्य मिळवून द्यायचं, या हट्टाने २०१७ पासून ‘पोस्टमार्केटओएस’वाली मंडळी खपताहेत. आतल्या चिपांची माहिती मिळत नाही म्हणून चाचपडत काम चालतं. पडदा उजळला तर आवाज येत नाही, आवाज आला तर कॅमेरा रुसतो. उलट, आमच्या बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर भाच्याने एका दुपारीत लिनक्स चढवलं. दोन्ही यंत्रं म्हातारीच. फरक एवढाच, की कॉम्प्युटरचं दार वाजवल्यावर उघडलं.

माझं हे भाषण सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला.

‘‘एकीकडे विरजण वाटल्याचं पुण्य घ्यायचं, आणि दुसरीकडे विकलेल्या भांड्याचं झाकण धरून बसायचं, याला आमच्या माहेरी कद्रूपणा म्हणतात.’’

परवान्याच्या चौथ्या आवृत्तीत हे कलम जसंच्या तसं घालायला हरकत नसावी.