टोकाला टोक

पुण्याच्या बुरूड आळीत दिवाळीआधीचा महिना म्हणजे हातांची परीक्षा. आकाशकंदिलांचे सांगाडे ढिगांनी लागतात, आणि कामटी जितकी बारीक काढावी तितकी ती कुसळं सोडते. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे वाळलेल्या कामटीची कड पात्यासारखी लागते. तिचा तंतू कातडीत शिरताना ताठ असतो, पण ओढायला गेलं की उभा फाटतो. अर्धा हातात येतो, अर्धा आत राहतो आणि रात्री ठणकतो.

काकीच्या दुकानात गावाहून नवाच कामाला आलेला पुतण्या हे सगळं बोटांनी शिकत होता. काम त्याला पटकन जमलं. धीर मात्र नव्हता. कुसळ गेलं की आधी नखांनी दाबायचं, मग दातांनी, मग शर्टाची सेफ्टी पिन काढून उकरायचं. तिसऱ्या दिवशी त्याची तर्जनी इतकी सुजली, की काकीने त्याला हाताला धरून समोर बसवलं.

तिने आधी साबणाने त्याचं बोट धुतलं, कोरडं केलं. "पाण्यात भिजत ठेवू का थोडं?" त्याने विचारलं. "नको. बांबू भिजला की फुगतो, आणि मऊ पडून तुटतो," काकी म्हणाली. मग गल्ल्यामागच्या पत्र्याच्या डबीतून तिने एक जुना, काळपट चिमटा काढला, टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, बोट उजेडाकडे वळवलं आणि कुसळ कुठल्या बाजूने शिरलंय ते नीट पाहिलं. ज्या तिरकस वाटेने ते आत गेलं होतं त्याच वाटेने, अजिबात घाई न करता, तिने ते मागे ओढलं. पोराला कळेपर्यंत कुसळ कागदावर पडलेलं होतं.

त्याने मनात धरलं, असला चिमटा आपल्याकडे हवा.

पगार हातात आल्यावर तो तुळशीबागेत गेला. तिथे चकचकीत, गुलाबी मुलामा दिलेला, तिरक्या टोकाचा चिमटा मिळाला. भुवया कोरायला तो उत्तम, कारण तिरकी कड केसाला मुळाशी आडवी धरते. पण कातडीच्या बरोबरीने तुटलेल्या कुसळाचं डोकं त्या रुंद कडेला सापडेना; आजूबाजूची कातडीच चिमटली जायची. मग औषधाच्या दुकानातल्या प्रथमोपचार पेटीतला प्लॅस्टिकचा चिमटा झाला. तो कापूस धरण्यासाठी असतो, एवढं सांगितलं की पुरे. मग बुधवार पेठेत, मोबाइल दुरुस्तीवाले घेतात तो सुईसारखा वाकडा चिमटा. हा मात्र दिसायला असा जबर, की काकीलाही क्षणभर वाटलं, पोराने बरी वस्तू आणली. पहिल्याच कुसळावर त्याने जोर लावला. टोकांनी कुसळ मधोमध कापलं, आणि एक टोक बोटात रुतलं ते वेगळंच.

हौसेने घेतलेल्या वस्तूचं असंच होतं. आपण ती वस्तू पाहतो, तिला करायचं काम पाहत नाही.

"या जुन्यात असं काय आहे गं?" शेवटी त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक? समोरच्या भाऊंनी दिलाय. त्यांना विचार."

समोर घड्याळजींची टपरीएवढी जागा. बॅटरी बदलून घेणारेच आता जास्त, तरी डोळ्याला भिंग लावून बसण्याची त्यांची सवय गेली नव्हती. तो चिमटा त्यांचाच, मनगटी घड्याळाच्या कामातला. कधीतरी तो चुंबकाजवळ राहिला आणि त्यात चुंबकत्व भरलं. बारीक स्क्रू त्याला चिकटून बसायचे, ठेवू तिथे सुटायचे नाहीत. घड्याळाच्या कामातून तो बाद झाला. "बांबूला चुंबकाचं काय सोयरसुतक? म्हणून वहिनींना दिला," ते हसत म्हणाले.

मग त्यांनी पोराचे तिन्ही चिमटे मागवून घेतले आणि काही न सांगता एकेक दिव्यासमोर धरू लागले. मिटलेल्या टोकांमधून उजेड दिसतो का, एवढंच पाहायचं. गुलाबी चिमट्यात कडेला एका बाजूने फट होती. प्लॅस्टिकचा त्यांनी दिव्यासमोर धरलाही नाही. बुधवार पेठेतल्याची टोकं मिटताना एकमेकांवर चढत होती, कारण पत्रा पातळ. "पाय एका रेषेत मिटले पाहिजेत. आडवे सरकले की पकड संपली."

नंतर काकीच्या चिमट्याने त्यांनी पोराच्या मनगटावरचा एकच केस धरला आणि मनगट जरासं मागे सरकवायला सांगितलं. केस ताणला गेला, सुटला नाही.

"आता तू धर. हां, आता जोरात दाब."

त्याने दाबलं. मधला भाग आत वाकला, टोकं किंचित फाकली आणि केस निसटला.

"बघ. टेकवण्यापुरतं दाबलं तर धरतो, त्याहून जास्त दाबलं तर सोडतो. बोटांना लगेच जाणवेल इतकी नरम स्प्रिंग असावी, नाहीतर मिटवतानाच हात थरथरतो. टोक बारीक हवं, पण सुई नको. आतून सपाट हवं, म्हणजे कुसळ कापत नाही, धरलं जातं. घेताना दुकानातच केस धरून बघायचा. दुकानदार हसला तर हसू दे."

पोरगं ऐकून शहाणं झालं असं वाटावं, पण ऐकणं आणि अंगी लागणं यात अंतर असतंच. त्याच आठवड्यात कंदिलाच्या रंगीत कागदांचं खोकं आलं. जाड, पितळी रंगाच्या पिना मारलेलं. हाताशी डबी होती. त्याने काकीच्या चिमट्याने दोन पिना उचकटल्या, चिमटा शर्टाला पुसला आणि परत डबीत ठेवला. वाकलाबिकला काही दिसत नव्हता.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी एक बाई लहान मुलीला घेऊन कंदील घ्यायला आली. घासाघीस चालू असताना मुलीने उभ्या केलेल्या कामट्यांवरून तळहात फिरवला, आणि दुकानभर किंकाळी. काकीने तिला ओट्यावर बसवलं, हात धुतला, डबी उघडली. कुसळाचं डोकं वर दिसत होतं. हे तर सगळ्यात सोपं. चिमटा टेकला, मिटला, आणि रिकामाच वर आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मुलीने हात हिसकावला. गिऱ्हाईकं बघायला लागली. आई म्हणाली, "राहू द्या हो, डॉक्टरकडे नेते." काकीचा हात आयुष्यात पहिल्यांदा त्या चिमट्यावर अडला होता.

पुतण्या रस्ता ओलांडून पळाला आणि घड्याळजींना त्यांच्या स्वतःच्या चिमट्यासकट घेऊन आला. कुसळ त्यांनी नाही काढलं. चिमटा काकीच्या हातात दिला. या वेळी एका दमात निघालं. काकीने जागा पुन्हा धुतली, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना, ते आईला विचारून घेतलं. मुलीला छोटा कंदील फुकट मिळाला, त्यामुळे रडणं थांबायला वेळ लागला नाही.

गर्दी ओसरल्यावर घड्याळजींनी जुना चिमटा दिव्यासमोर धरला. केसाच्या जाडीएवढी फट. भिंग लावून पाहिल्यावर एका टोकावर पितळी रंगाचा बारीक ओरखडा.

"कशाला वापरलात हो वहिनी?"

काकीने पुतण्याकडे पाहिलं. तो खोक्याकडे बघत होता. पिनांचं नाव त्याने स्वतःच घेतलं, जरा उशिराने.

रागावणं झालं नाही. घड्याळजींनी तेलाचा बारीक दगड काढला, त्यावर दोन थेंब तेल सोडलं आणि चिमटा, दगड, भिंग तिन्ही त्याच्यासमोर ठेवलं. "आधी टोक सरळ करून देतो. पुढचं तू कर. दोन्ही टोकं मिटवून बाहेरून सारखी घास, मग आतून हलक्या हाताने. चार वेळा घासायचं, मग उजेडात बघायचं. एकदम घासशील तर आखूड होईल, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही."

बाहेर फटाके सुरू झाले होते. दुकान बंद करून काकी घरी गेली, तरी तो समोरच्या बाकावर बसून होता. पहिल्या अर्ध्या तासात त्याने फट वाढवली. मग हात हळू झाला. मनगटावरचे केस ओढून ओढून जागा लाल झाली, आणि बरीच रात्र झाल्यावर एक केस टोकात अडकून राहिला.

"जोर करत होतो तोवर जमलं नाही," तो म्हणाला. घड्याळजी मान खाली घालून कोणाच्या तरी भिंतीवरच्या घड्याळात बॅटरी बसवत होते. त्यांनी फक्त हुंकार भरला.

पाडव्याची बक्षिसी हातात पडली तेव्हा तो रविवार पेठेत बोहरी आळीत गेला. चिमटा नाही घेतला. एक मध्यम, रबरी मुठीची पक्कड घेतली आणि काकीच्या डबीवरच्या खिळ्याला अडकवली. गुलाबी चिमटा चुलतबहिणीने आधीच पळवला होता आणि तिच्या भुवयांवर तो झकास चालतो. आता आळीत कोणी "जरा तो चिमटा दे रे, खिळा काढायचाय" म्हणत दारात आलं, की तो काही न बोलता खिळ्यावरची पक्कड काढून देतो. कुसळवाल्याला मात्र आधी विचारतो, नखाखाली गेलंय का, साखरेचा त्रास आहे का. तसं असलं तर दवाखान्याचा रस्ता दाखवतो. नसलं, तर साबण पुढे करतो आणि मग डबी उघडतो.